कोटाचं अस्तर

३ मार्च, सोमवार

ह्यांनी आज जेवता जेवता सांगितलं की आपण परदेशी फिरायला जायचं. मला वाटलं चेष्टा चाललीय. मीही म्हटलं, "जाऊ या की, आधी कुकर उतरवते." तर खिशातून एक चकचकीत माहितीपत्रक काढून त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं. निळा समुद्र, पांढरी वाळू, छत्रीखाली एक बाई उताणी पडलेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ह्यांनी मला माहेरापलीकडे कुठे नेलेलं नाही, आणि तिथेही पिशव्या कोणी उचलायच्या यावरून भांडत नेलं.

"पैसे?" मी विचारलं.

"एफडी मोडली."

"कुठली एफडी?"

"होती एक. तुला सांगितली नव्हती."

नवऱ्याने लपवलेली गोष्ट आपणहून सांगितली की बायकोने चिडायचं की लाजायचं? मी लाजले. या वयात.

गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणलेली ही कोरी वही म्हणून बाहेर काढली. लिहून ठेवावं असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच काही घडतंय. ब्लाउजांची मापं काय, पाठ आहेत मला.

६ मार्च, गुरुवार

इंजिनियर येऊन गेला. आमच्या इमारतीचे खालचे खांब आतून खराब झालेत. दुरुस्तीसाठी प्रत्येक घराने वर्षभर पैसे भरले, आणि खजिनदार म्हणून हे. इमारतीत यांच्याइतका सरळ माणूस दुसरा नाही, असं मी नाही म्हणत, सभेत सगळ्यांनी हात वर करून म्हटलंय.

माझ्या शिलाई मशीनमागे भिंतीत एक तिरकी भेग आहे. तिच्यावर इंजिनियरने काचेची बोटभर पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. म्हणाला, "काच ताणली जात नाही, सरळ तुटते. ही तुटली तर खांब हलला समजा. मग कोणाची वाट बघायची नाही." जाताना भिंतीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, "आमच्या बाथरूममधून नाही. परवाच नळ बदललाय."

हे खिडकीशी पाठमोरे उभे होते. काम कधी सुरू होणार असं इंजिनियरने विचारलं तेव्हा, "पुढच्या आठवड्यात कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देतोय," एवढं बोलले आणि पंखा बंद करून निघून गेले. मी आणि इंजिनियर अजून खोलीत होतो. कामाच्या व्यापात माणसाला भान राहत नाही.

१० मार्च, सोमवार

आज परदेशी नोटा आणल्या. मी! चावीवाल्याच्या आणि चष्म्याच्या दुकानाच्या मधोमध ते दुकान आहे. इतकी वर्षं त्यावरून भाजीला गेले, पण आत काय चालतं ते कधी पाहिलं नव्हतं. जाड काच, खाली हात जाईल एवढी फट, आणि पलीकडे एक जाडगेला माणूस. त्याचं नाव मी नोटवाला ठेवलंय. फर्रर्र करून नोटा उडवणारं यंत्र त्याच्या कोपराशी.

ह्यांना कामावरून यायला उशीर होतो, तोवर दुकान बंद. शिवाय बायकांच्या नावावर घेतलं तर भाव बरा मिळतो, असंही म्हणाले. मी नोटवाल्याला विचारलं तर तो पोट हलवून हसला. "ताई, नोटेला बाई-बुवा काय कळतंय?" ह्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय.

नोटवाल्याने विचारलं, "परतीची पावती करू का? फिरून आल्यावर नोटा उरल्या, तर महिन्याभरात याच भावाने परत घेतो. थोडे जास्त पडतील." मी केली. उरलेला वार-दीड वार कपडासुद्धा मी कधी टाकत नाही, नोटा कशा टाकेन?

घरी हे उखडले. "परतीची कशाला? फुकटचा खर्च."

"अहो, उरल्या तर?"

"उरणार नाहीत."

नोटा घेऊन कपाटात ठेवल्या आणि किल्ली खिशात घातली. पावती मी बॉबिनच्या डब्यात टाकली. पुढच्या वेळीही करून घेणार आहे, फक्त सांगणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

परत नोटवाल्याकडे. भाव रोज वरखाली होतो, म्हणून थोड्या थोड्या घ्यायच्या असं ह्यांचं गणित. पण माझ्या नावावर आता जास्त मिळणार नाहीत म्हणाला, माणशी मर्यादा असते. म्हणून धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. तिने सह्या केल्या, मी पैसे दिले.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणते, "ताई, आठ दिवसांच्या सहलीला एवढ्या नोटा? तिथे हॉटेलच विकत घेताय की काय?"

"जळतेस का?" मी म्हटलं.

"जळत नाही गं. भाऊजी म्हणजे स्वतःसाठी चप्पल घ्यायची तर दोन महिने विचार करणारा माणूस..."

मी तिला रसवंतीत नेऊन गप्प केलं. तिच्याही नावावर परतीची पावती करून घेतलीय.

१७ मार्च, सोमवार

आज माझं डोकं फिरलं. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई आल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात खांबाला लोखंडी टेकू लावलेत, त्यातून वाट काढत चहा करावा लागतो त्यांना. ब्लाउज सैल करायचं निमित्त होतं. हळूच म्हणाल्या, "कंत्राटदार म्हणतो, त्याला अजून काहीच मिळालेलं नाही."

"मग तो खोटं बोलतोय," मी म्हटलं.

"असेल. पण बँकेतून तर सगळे काढलेत म्हणे. माझ्या बांगड्या मोडून दिल्यात गं मी त्यात. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मग प्लंबरला बोलवा!" मी केवढ्यांदा ओरडले. ह्यांच्यावर संशय घेणाऱ्याचं तोंड बघायची नाही, असंही म्हटलं. बाई ब्लाउज तसाच उचलून गेल्या. जिन्यात कठड्याला धरून उतरत होत्या. मला वाईट वाटलं, पण हाक मारली नाही.

रात्री ह्यांना सांगितलं. घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "बाईंना सांग, आम्ही परत आलो की काम लगेच सुरू." किती दगदग झालीय या माणसाची! सुट्टीची गरज मला नाही, यांनाच आहे.

२० मार्च, गुरुवार

बेत थोडा बदललाय. एकाच विमानात दोन जागा स्वस्तात मिळाल्या नाहीत. हे पंचविसाला पुढे जाणार, हॉटेल वगैरे बघून ठेवणार. मी अठ्ठाविसाला. मला एकटीला विमानात बसायची धास्ती वाटते म्हटलं, तर म्हणाले, "त्यात काय, बसायचं आणि उतरायचं." माझं तिकीट बघायला मागितलं, तर ते फोनमध्ये असतं म्हणाले. हल्ली सगळं फोनमध्ये असतं.

नोटा आता भरपूर झाल्यात. त्या कोटाच्या अस्तरात शिवून द्यायचं काम माझ्याकडे. पाकीटमार, हॉटेलातले नोकर, कोणाचा भरवसा! शिंपिणीचा नवरा होण्याचा एवढा तरी फायदा व्हायला हवा.

२२ मार्च, शनिवार

कोट झाला. अस्तराला आतून दुसरं अस्तर लावलं आणि गोधडीसारखे चौकोन शिवले. प्रत्येक चौकोनात थोड्या नोटा, म्हणजे एका जागी फुगत नाहीत. बटणाच्या पट्टीखाली एक पांढरा दोरा मोकळा सोडलाय, तो ओढला की सगळं उसवतं. हे समोर स्टुलावर बसून बघत होते. सव्वीस वर्षांत माझं काम त्यांनी इतक्या मन लावून कधी बघितलं नव्हतं.

"तिथल्या तिथे उसवता येईल ना? मशीन लागणार नाही?"

"दातानेसुद्धा येईल. पण मी आल्याशिवाय उसवायचं नाही हं."

घालून आरशासमोर उभे राहिले. छान दिसत होते. केसांना कलप लावून आलेत, त्यामुळे मला लग्नातलेच वाटले.

बॅग त्यांनी स्वतः भरली. समुद्रावर दोन स्वेटर कशाला, असं विचारलं तर म्हणाले रात्री गार असतं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं तर इतकी, की कप्पा बंद होईना. आणि भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो काढून कपड्यांत गुंडाळला. मी बघतच राहिले.

"आईने समुद्र कधी बघितला नाही," म्हणाले.

मला रडूच आलं. माणूस वरून कोरडा दिसतो, पण आत किती ओल असते. आमचा दोघांचा फोटो शेजारीच होता. त्याची काच पुसून मी पुन्हा नीट टांगला.

२४ मार्च, सोमवार

एक खोडी केलीय. कोणाला सांगणार, म्हणून इथे लिहिते.

काल हे बाहेरून आले आणि किल्ली दाराला बाहेरच लटकत राहिली. संध्याकाळी शेजारणीने बेल वाजवून आणून दिली. हा माणूस छत्र्या विसरतो, डबे विसरतो. एकदा लग्नाच्या हॉलमध्ये मलाच विसरून घरी आला होता आणि गाढ झोपला होता. विमानात उकडलं की कोट काढणार, आणि काढला की तिथेच राहणार. आमचा सगळा समुद्र त्या कोटात!

आज सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा सुरुवात केली, मग गळ्याची बटणं घट्ट करते सांगून दुपारभर कोट मांडीवर ठेवला. सगळ्या नोटा काढल्या आणि माझ्या निळ्या जॅकेटच्या अस्तरात घातल्या. कोटात कटिंगचे खाकी कागद भरले, नोटांच्याच मापाचे कापून. तसाच फुगीर आणि तसाच करकरतो. खर्चापुरत्या नोटा त्यांच्या पाकिटात आहेतच. सांगितलं असतं तर वाद घातला असता. तिथे गेल्यावर त्यांच्या तोंडासमोर जॅकेट झटकणार आहे. काय चेहरा होईल!

२५ मार्च, मंगळवार

गेले.

निघताना मशीनमागच्या भिंतीपाशी गेले आणि काचेच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "शाबूत आहे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग दारात त्यांची किल्ली माझ्या हातात दिली.

"मला कशाला? तुमची तुमच्याकडे ठेवा."

"तिथे किल्ली कशाला लागते?"

तेही खरंच. परत दारात हरवून येण्यापेक्षा बरं. "सांभाळ," म्हणाले. मी म्हटलं, "तीन दिवसांचं काय सांभाळायचं?" तर जिन्यातून वर बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात केला. त्यांनी वर बघितलं नाही, कोटाची बटणं लावत होते.

२६ मार्च, बुधवार

फोन नाही. पोचले की करतो म्हणाले होते. मी केला तर लागत नाही.

कंत्राटदार आला, बरोबर मास्तरीणबाई आणि वरच्या मजल्यावरची दोन माणसं. ह्यांना भेटायचं होतं. गावी नाहीत म्हटलं, तर एकमेकांकडे बघू लागले. कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, मला एक नवा पैसा मिळालेला नाही. आज महिनाभर साहेब उद्या, उद्या करताहेत."

"आल्यावर विचारा त्यांना," मी म्हटलं. आवाज पाहिजे तसा चढला नाही. मास्तरीणबाई माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

काचेवर केसासारखी एक रेघ दिसतेय. धागा असेल म्हणून पुसली. गेली नाही.

२७ मार्च, गुरुवार

फोन आला. जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालंच नव्हतं.

"अगं, अस्तरात कागद आहेत!" हॅलो नाही, काही नाही.

मला हसू आलं. "उसवलंत ना शेवटी? मी आल्यावर उसवायचं ठरलं होतं."

"नोटा कुठे आहेत?"

"घाबरू नका, माझ्याकडे आहेत. विसरभोळ्याच्या अंगावर एवढी जोखीम कोण ठेवेल? उद्या घेऊन येतेच आहे."

मागे गाड्यांचे आवाज येत होते. समुद्र ऐकू येईल म्हणून मी कान लावून होते, पण तो नव्हता.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"कोणाला सांगितलंस?"

"कोणाला कशाला सांगू?"

"बरं. मग असं कर. तू ये. जॅकेट घालून ये. मी तुझं तिकीट काढतो."

"काढतो म्हणजे? काढलंय ना?"

मग, "तेच. तेच म्हणतोय मी. काढलंय." आणि फोन बंद.

मी मशीनवर येऊन बसले आणि एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उलट्या जोडल्या. उसवून पुन्हा जोडल्या, पुन्हा उलट्या. काढतो, काढलंय. लहान पोरालाही कळतो हा फरक. तो माझ्या डोक्यात दुपारभर टोचत राहिला. माझं तिकीट नव्हतंच. मला न्यायचंच नव्हतं. गोळ्या सहा महिन्यांच्या, स्वेटर, सासूबाई, सगळं माझ्या डोळ्यांदेखत बॅगेत गेलं, आणि वर बॅगेवर बसून चेन मीच लावून दिली. मला फार लागलंय. लग्नाच्या हॉलमध्ये विसरले होते तेव्हा निदान विसरले होते.

आणि एफडी नव्हती. हे लिहायला मला दोन ओळी सोडाव्या लागल्या. त्या बाईंच्या बांगड्या आहेत माझ्या जॅकेटात.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी बॉबिन भरत होते. मागे टक् असा आवाज झाला. इतका बारीक, की मला वाटलं सुई मोडली. सुई चांगली होती. काचेची पट्टी मधोमध तुटली होती आणि दोन तुकड्यांमधून भिंतीची भेग दिसत होती.

मी जॅकेट घातलं, बॉबिनचा डबा घेतला आणि खाली पळाले. मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघरात प्लास्टरचा पापुद्रा पडला होता, खांबातली गंजकी सळई उघडी दिसत होती. त्या टेकूला धरून उभ्या. "बाई, आधी बाहेर या," म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता चपला घातल्या. त्यांना जिन्याबाहेर बसवलं, इंजिनियरला फोन केला, घराघरातून माणसं बाहेर काढली.

मग धाकटीला बोलावलं, तिच्या सह्या लागणार होत्या. नोटवाल्याच्या काचेपुढेच मी जॅकेटचं अस्तर दाताने उसवलं. धाकटी हात धरून उभी होती. मी सांगितलं होतं तसं झालं ना, असं एकदाही म्हणाली नाही. त्याबद्दल तिला मी जन्मभर काही कमी पडू देणार नाही.

नोटवाला पावत्या बघत म्हणाला, "अरेरे. प्रवास रद्द झाला का?"

"माझा झाला."

"आणि साहेबांचा?"

"ते पोचले."

यंत्र फर्रर्र करत राहिलं. आपले पैसे घेऊन आम्ही थेट रस्त्यावर, इमारतीसमोर आलो. सगळे तिथेच उभे होते. मी पिशवी कंत्राटदाराच्या आणि इंजिनियरच्या मधे ठेवली आणि म्हटलं, सगळ्यांसमोर मोजा. कुठून आले हेही सगळ्यांसमोर सांगितलं. वरच्या मजल्यावरचा एकजण भिंतीला शिवी दिल्यासारखा थुंकला, ती शिवी कोणाला होती ते मला कळलं. मास्तरीणबाईंनी माझ्या जॅकेटचं लोंबणारं अस्तर आत खोचलं.

३० मार्च, रविवार

लोखंडी टेकू ट्रकभर आले. खालचे खांब चारही बाजूंनी बांधलेत. वरच्यांना राहायला हरकत नाही म्हणाला इंजिनियर, मास्तरीणबाई मात्र काम होईपर्यंत धाकटीकडे. भिंतीवर नवी काच लावून दिलीय.

मी घरात एकटी असताना फोन आला. आवाज अगदी मऊ होता.

"तू आली नाहीस."

"नाही."

"जॅकेट आहे ना तुझ्याकडे?"

मी हो म्हटलं. जॅकेट आहेच.

"कोणाकडे द्यायचं नाही. कोणी काही सांगितलं तर ऐकायचं नाही. दार उघडायचं नाही कोणाला. कळलं? मी येतोय. उद्या संध्याकाळी पोचतो. मग बघतो."

काय बघतो ते सांगितलं नाही. सव्वीस वर्षं हा माणूस घरी यायची वेळ झाली की मी गॅस लावत आले, आणि आज तो येतोय हे ऐकून माझे हात गार पडले. तरीसुद्धा सवयीने विचारणार होते, जेवायला काय करू? शब्द ओठापर्यंत आले होते. तेवढ्यात दाराशेजारच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. घराच्या दोन्ही किल्ल्या, माझी आणि त्यांची, तिथेच आहेत.